काका-काकूंचे जंत

दत्तप्रसाद मेहेंदळे यांना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून जमायची, ती म्हणजे दुसऱ्याचं काय चुकलं ते शोधून काढणं. सुदैवाने हिंजवडीच्या एका कंपनीत या स्वभावाला क्वालिटी विभाग म्हणत आणि त्याचा पगारही देत. एखादा भाग बिघडून परत आला की दत्तप्रसाद संबंधित माणसांना समोर उभं करून पाच वेळा ‘का?’ विचारायचे. बिघडला का? तापला म्हणून. तापला का? तेल पोचलं नाही म्हणून. असं करत करत पाचव्या ‘का’ला कुणीतरी खाली मान घालायचं आणि मूळ कारण सापडायचं. त्यांच्या निरोपसमारंभात टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या. दत्तप्रसादांनी त्याचा अर्थ प्रेम असा लावला, कारण नेमकं तिथे ‘का?’ विचारायचं त्यांना सुचलं नाही.

निवृत्तीनंतर चुका शोधायला फारशा जागा उरल्या नाहीत. सदाशिव पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि बायको होती. ग्रुपने त्यांना महिन्याभरात म्यूट केलं. शर्मिलाकडे ते बटण नव्हतं.

तिच्यावर त्यांनी तब्येतीचे प्रयोग सुरू केले. खरं तर तांब्याच्या कळशीतलं पाणी त्या घरात बऱ्याच वर्षांपासून चालू होतं. रात्री कळशी भरून ठेवायची, सकाळी मोठा पेला भरून प्यायचं, तेही उभ्याने नाही, खाली बसून, घोट घोट. यंदा त्यात दत्तप्रसादांनी स्वतःची भर घातली होती. कळशीत रात्रीच एक लिंबू पिळून टाकायचं. तांब्याचे गुण आणि लिंबाचे गुण रात्रभर एकमेकांत मुरतात, असा त्यांचा सिद्धांत होता. शिवाय कळशी आतून अशी लखलखीत राहू लागली होती की त्यांनी तिचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर कुणीतरी अंगठा दाखवला, तोही बहुधा चुकून.

“मला नाही हो आवडत हे,” शर्मिला सुरुवातीला म्हणायची. “नाणं चोखल्यासारखं लागतं.”

“औषध आवडायचं नसतं, घ्यायचं असतं,” दत्तप्रसाद म्हणायचे आणि पेला तिच्या हातात द्यायचे.

पुढेपुढे तिने बोलणं सोडलं. पेला घेऊन गॅलरीत जायची, तिथे कुंड्यांशेजारी पाटावर बसायची आणि रिकामा पेला आणून ठेवायची. अखेर पटलं म्हणायचं, असं दत्तप्रसादांना वाटलं. पटवण्याची आपली हातोटीच तशी आहे, असंही वाटलं.

आणि मग घरात समुद्रघोडे आले.

माशांचा नाद त्यांना निवृत्तीनंतरच लागला. आधी गोड्या पाण्यातले झाले, मग खाऱ्या पाण्यातले. मग ओळखीच्याच्या ओळखीचा कुणीतरी म्हणाला की समुद्रघोड्यांची जोडी आहे, परदेशात टाकीतच जन्मलेली, सगळं कायदेशीर, कागद मागाहून पाठवतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाने ‘मागाहून’ हा शब्द निमूटपणे गिळला. समोर पिशवीत ते दोघं एकमेकांच्या शेपट्या धरून तरंगत होते, आणि दत्तप्रसादांची सगळी क्वालिटी तिथेच विरघळली.

टाकी हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशी ठेवली. पाणी थंड ठेवायचं यंत्र गॅलरीत बसवायला हवं होतं, म्हणून शर्मिलाच्या कुंड्या गच्चीत गेल्या. गच्चीपर्यंत लिफ्ट जात नाही आणि तिचे गुडघे दुखतात, याकडे त्यांनी कानाडोळा केला. पाटाची जागा गेली, तशी ती सकाळचा पेला घेऊन टाकीपाशी वेताच्या खुर्चीत बसू लागली. दत्तप्रसाद स्वयंपाकघरात कळशी घासता घासता मनाशी म्हणायचे, हिलाही नाद लागला बघ.

त्या दोघांची नावं काका आणि काकू. काका दिवसभर एकाच खोट्या फांदीला शेपटीचा वेढा घालून उभे राहायचे आणि सगळ्या टाकीकडे नापसंतीने बघायचे, म्हणून काका. काकू फिरत्या होत्या. रोज सकाळी दिवा लागला की काकू पोहत पोहत काकांपाशी यायच्या, दोघं उजळायचे, शेपटीत शेपूट अडकवून सावकाश गोल फिरायचे. त्यानंतर दत्तप्रसाद ड्रॉपरमध्ये बारीक कोळंबी घेऊन आले की दोघंही काचेला नाक लावायचे. कंपनीतून आता कुणाचा फोन येत नव्हता. मुलगा तेजस बंगळुरूहून रविवारी बोलायचा तो आईशी. पण रोज सकाळी दोन जीव काचेपाशी येऊन दत्तप्रसादांची वाट बघायचे. त्यांना त्या दोघांचा फार लळा लागला होता, आणि हे कबूल करायला त्यांना लाज वाटे, म्हणून ते सगळ्यांना सांगत की हा एक तांत्रिक छंद आहे.

शिवाय टाकीच्या बाबतीत त्यांनी एक विक्रमही केला होता. खाऱ्या टाकीतलं पाणी उडतं, ते रोज मोजून भरावं लागतं. दत्तप्रसाद त्यासाठी शुद्ध पाण्याचे कॅन आणत. पण ते पाणी हिशेबापेक्षा कमीच लागू लागलं. टाकीची पातळी फारशी खाली जातच नव्हती. आपण बनवलेलं झाकणच तसं चोख आहे, हे त्यांनी शर्मिलाला दोनदा ऐकवलं. ती दोन्ही वेळा भाजी निवडत होती, आणि दोन्ही वेळा तिने मान वर केली नाही.

पावसाळा संपता संपता टाकीतल्या गोगलगाई मेल्या. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या त्या इवल्याशा गोगलगाई एकेक करून वाळूत पडल्या. दत्तप्रसादांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग काका काचेपाशी यायचे थांबले. ते भराभरा श्वास घेऊ लागले, फांदीवर अंग घासू लागले. अंगावर पांढरट चिकट थर दिसू लागला. कोळंबी नाकासमोरून गेली तरी ते तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे.

दत्तप्रसादांनी पांढरा फळा भिंतीला टेकवला आणि पाच वेळा ‘का?’ विचारलं. खात नाही का? त्रास होतोय. त्रास का? अंगाला काहीतरी चावतंय. चावतंय का? परजीवी. इंटरनेटवरही तेच होतं. समुद्रघोड्यांच्या कल्ल्यांत, कातडीवर आणि पोटात नाना प्रकारचे जंत होतात, आणि लक्षणं अगदी हीच. तिसऱ्याच ‘का’ला उत्तर मिळाल्यामुळे उरलेले दोन त्यांनी वाचवले. कंपनीत कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सोलला असता.

औषध शोधता शोधता त्यांना आणखी एक माहिती मिळाली. आपल्या देशात समुद्रघोड्याला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. पकडणं, विकणं, घरी पाळणं, सगळा गुन्हा. त्यांनी घाईघाईने त्या ओळखीच्याच्या ओळखीच्याला फोन लावला. तो नंबर आता अस्तित्वात नव्हता.

म्हणजे आपण घरात वाघ पाळलाय, असं दत्तप्रसादांच्या डोक्यात आलं. आयुष्यात सिग्नल न तोडलेला माणूस! त्यांनी उठून हॉलचा पडदा ओढला. समोरच्या इमारतीतून टाकी दिसत नव्हती, तरी ओढला.

माशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर पुण्यात होत्या. डॉ. मंतशा बागवान, दवाखाना खराडीला. दत्तप्रसादांनी धीर करून फोन लावला.

“माझ्याकडे एक गोल्डफिश आहे,” ते म्हणाले.

“बरं.”

“श्वास भराभरा घेतो. अंग घासतो. जंत असावेत. काय औषध देऊ?”

“अंग कशावर घासतो?”

“फांदीवर. म्हणजे, शेपटीने फांदी धरून ठेवतो ना, तिच्यावरच.”

“गोल्डफिश शेपटीने फांदी धरतो?”

“हा जरा वेगळा आहे.”

“आणि पाणी गोडं?”

“किंचित खारट.”

“काका,” डॉक्टर म्हणाल्या, “न बघता मी औषध देत नाही. तो जो काय गोल्डफिश आहे, तो घेऊन या. आणि टाकीचं पाणी एका बाटलीत आणा. कधीही या.”

दत्तप्रसादांनी फोन ठेवला आणि नाक मुरडलं. हल्लीच्या डॉक्टरांना पेशंटचं ऐकून घेण्याची सवयच नाही, असं ते शर्मिलाला म्हणाले. “डॉक्टर म्हणतात तर घेऊन जाऊ या ना,” ती म्हणाली.

“आणि हातात बेड्या घालून घेऊ?”

मग उपचार घरीच सुरू झाले. परजीवी झटकायचा एक जुना उपाय असा की खाऱ्या पाण्यातल्या माशाला थोडा वेळ गोड्या पाण्यात धरायचं. माशाला तेवढं सोसतं, जंतांना सोसत नाही. पाण्याचं तापमान टाकीतल्याइतकंच हवं, आम्लताही तेवढीच हवी. डायनिंग टेबलावर पांढरा टब आला, थर्मामीटर आला, तपासणीच्या पट्ट्या आल्या. दत्तप्रसादांनी हात कोपरापर्यंत धुतले. शर्मिला घड्याळ धरून उभी राहिली. एखाद्या मोठ्या रुग्णालयात चाललंय असा त्यांचा एकूण आव होता, फक्त टबावर ‘ज्येष्ठ नागरिक संघाकडून सप्रेम भेट’ असं छापलेलं होतं.

आधी काका झाले, मग काकू. काकूंना पाण्यात सोडलं तशी त्यांनी चाचपडत चाचपडत दत्तप्रसादांच्या करंगळीला शेपटीचा वेढा घातला. दोऱ्याएवढी शेपटी ती, पण घट्ट. दत्तप्रसाद हलले नाहीत.

“वेळ झाली,” शर्मिला म्हणाली.

“अगं, जरा थांब.”

“अहो, वेळ झाली म्हणते ना. ती घाबरलीय.”

“तुला काय कळतं त्यातलं,” ते म्हणाले. पण काढलं तिला बाहेर.

गुण आला नाही. त्यांनी उपाय आणखी दोनदा केला. मग कुत्र्याला द्यायची जंतांची गोळी आणून खलबत्त्यात कुटली, पाण्यात भिजवली, कोळंबीला चोळली. ती कोळंबी दोघांनी तोंडात घेऊन थुंकली. दत्तप्रसाद खाली बसून काचेतून त्यांची समजूत घालायचे, “औषध आवडायचं नसतं, घ्यायचं असतं.” या सगळ्या धावपळीत त्यांचं स्वतःचं पोटही बिघडलं होतं. सकाळी मळमळायचं, जळजळायचं. त्यासाठी त्यांनी कळशीतल्या पाण्याचे दोन पेले सुरू केले होते.

काकू गेल्या त्या दिवशी सकाळी टाकीचा दिवा लागला तेव्हा काका फांदीवर होते आणि काकू खाली वाळूवर आडव्या होत्या. काकांनी फांदी सोडली, खाली आले, काकूंभोवती एक गोल घेतला, शेपूट पुढे केली. पलीकडून काही आलं नाही. मग ते परत वर गेले. थोड्या वेळाने पुन्हा खाली आले.

दत्तप्रसाद टाकीसमोर उभे होते. ड्रॉपर त्यांच्या हातात होता. साठीच्या माणसाने एवढ्याशा माशासाठी रडावं का, हा प्रश्न त्यांना पडला, आणि तो पडेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलेलंही होतं. त्यांनी वळून पाहिलं तर शर्मिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याही डोळ्यांना पदर होता. तिला काकूंचं एवढं वाटत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“बादली आणतेस?” ते म्हणाले. “झाकणाची. काकांना घेऊन जाऊ खराडीला.”

“आणि बेड्या?”

“घालू दे.”

ती बादली घेऊन आली.

सदाशिव पेठेतून खराडीला स्कूटरवरून जाणं म्हणजे एरवीही दिव्यच असतं. त्यात मागे बायको, बायकोच्या मांडीवर बादली आणि बादलीत वाघाच्या दर्जाचा मासा. दत्तप्रसाद इतके जपून चालवत होते की सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. नगर रस्त्यावर एका खड्ड्यात पाणी हिंदकळलं तेव्हा ते ओरडले, “नीट धर!” आणि मग लगेच, हळू आवाजात, “तुला लागलं नाही ना?” दुसरं वाक्य शर्मिलाला बहुधा ऐकू गेलं नाही. त्याची तिला सवय नव्हती. एका सिग्नलला शेजारी वाहतूक पोलीस उभा होता. दत्तप्रसादांची पाचावर धारण बसली. हेल्मेट, लायसन, पीयूसी सगळं असताना घाम फुटण्याचा अनुभव त्यांना नवा होता.

डॉ. मंतशा बागवान तिशीच्या असतील. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मग दत्तप्रसादांकडे पाहिलं.

“हाच का तो गोल्डफिश?”

दत्तप्रसादांच्या तोंडात तयार केलेलं एक वाक्य होतं, मित्राचा मासा, मित्र गावाला गेलाय वगैरे. ते त्यांनी गिळलं. “माझा आहे,” ते म्हणाले. “समुद्रघोडा आहे. चालत नाही, माहीत आहे. आधी माहीत नव्हतं, नंतर कळलं, आणि कळल्यावर मी लपवलं. दोन होते. काकू आज सकाळी गेली. मला काय करायचं ते करा, पण आधी याला बघा. जंत झालेत त्याला.”

“जंत झालेत की नाही ते मी सांगते,” डॉक्टर म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्यांनी काकांच्या अंगावरचा थर काचेच्या पट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खूप वेळ पाहिलं, पट्टी सरकवली, पुन्हा पाहिलं.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या.

“नीट बघा.”

“काका, मी रोज हेच बघते. जंत नाहीत. कधी होते असंही दिसत नाही. तुम्ही काय काय औषधं दिलीत?”

दत्तप्रसादांनी यादी सांगितली. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. गोड्या पाण्याच्या आंघोळी सांगून झाल्या. कुत्र्याच्या गोळीपाशी डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

“गोगलगाई आहेत टाकीत?”

“होत्या. सगळ्यात आधी त्याच मेल्या.”

डॉक्टर थबकल्या. बादलीतलं टाकीचं पाणी एका कुपीत घेऊन त्यांनी दोन थेंब टाकले, हलवलं. पाण्याचा रंग बदलला. त्यांनी कुपी रंगांच्या तक्त्याशेजारी धरली आणि तक्ता दत्तप्रसादांकडे वळवला. कुपीचा रंग तक्त्याच्या अगदी शेवटच्या चौकोनासारखा होता.

“तांबं,” त्या म्हणाल्या. “पाण्यात तांबं आहे, आणि भरपूर आहे. हळूहळू साठलेलं. गोगलगाईंना ते सगळ्यात आधी बाधतं. जंत नव्हे, विषबाधा आहे ही. तांबं आलं कुठून?”

“शक्यच नाही,” दत्तप्रसाद ताठ झाले. आता ते स्वतःच्या मैदानात आले होते. “टाकीत धातूचा एक स्क्रू नाही. पाइप प्लास्टिकचे. वर भरायचं पाणी मी शुद्ध आणतो. मी तीस वर्षं क्वालिटीत काढली आहेत, डॉक्टर. माझ्या टाकीत माझ्या नकळत एक थेंबसुद्धा...”

“अहो,” शर्मिला म्हणाली.

तिने बादलीची कडी अजून धरून ठेवली होती. दत्तप्रसादांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. असं खाली मान घालणारं माणूस त्यांनी नोकरीत शंभरदा पाहिलं होतं, आणि दर वेळी त्यांना मनातून बरं वाटलेलं होतं. या वेळी वाटलं नाही.

“मी ओतते,” ती म्हणाली. “रोज सकाळी. तुम्ही देता ते पाणी.”

“कळशीतलं?”

“हो.”

“टाकीत ओततेस? का?”

“मला पिववत नाही ते. आधी मी कुंड्यांना घालायचे. मग तुम्ही कुंड्या वर नेल्या. मोरीत ओतायला यावं तर तुम्ही तिथेच उभे असता. टाकीत काय, पाण्यात पाणी, असं वाटलं मला.” तिचा आवाज चिरकला. “औषधी आहे म्हणता तुम्ही. मला काय माहीत, त्यांना सोसणार नाही? मीच मारलं हो काकूंना.”

“अगं, पण मग मला सांगितलं का नाहीस?”

हा दुसरा ‘का’ होता. शर्मिलाने मान वर केली.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “कितीदा तरी.”

नाणं चोखल्यासारखं लागतं. वाक्य जसंच्या तसं दत्तप्रसादांच्या कानात होतं. म्हणजे ऐकू गेलेलं होतं. पुढचे तीन ‘का’ विचारायची गरज उरली नाही. झाकणाच्या विक्रमाचं कारणही त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचे कान तापले.

“कळशीत नुसतं पाणीच ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“लिंबू पिळतो मी,” दत्तप्रसाद म्हणाले. “रात्रभर मुरतं.”

डॉक्टरांनी हातातली कुपी खाली ठेवली. “तांब्याच्या भांड्यात लिंबू? रात्रभर?”

“कळशी आतून अगदी लख्ख राहते.”

“राहणारच. तो सगळा लख्खपणा पाण्यात उतरतो, काका. आणि हे तुम्ही स्वतः पिता?”

“रोज.”

“मळमळ? जळजळ?”

“आहे थोडी. म्हणून तर हल्ली दोन पेले घेतो.”

डॉ. बागवान यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शर्मिलाकडे पाहिलं. “मी जनावरांची डॉक्टर आहे,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही आजच माणसांच्या डॉक्टरकडे जा. आणि काकू, तुम्ही प्यायला नाहीत हे फार बरं केलंत. तुमच्या घरात एवढी एकच गोष्ट विचार करून झालेली दिसते.”

एरवी असं बोलणाऱ्याची दत्तप्रसादांनी गाठ घेतली असती. पण शर्मिला रडत होती, आवाज न करता, बादलीकडे बघत. त्यांनी तिच्या हातातून कडी सोडवून घेतली. “तू नाही मारलंस,” ते म्हणाले. “तू पाणी ओतलंस. विष मी केलं, माझ्या हाताने, लिंबू पिळून. आणि तुझ्या हातात दिलं, तुला पाजायला.” टाकी मधे नसती तर ते कुणाच्या पोटात गेलं असतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरांनी पुढे केलेल्या स्टुलावर ते बसले.

काकांना डॉक्टरांनी स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवलं. जगेल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, बघू. बरा झाला तर परत मिळेल का, हा प्रश्न दत्तप्रसादांनी विचारला नाही, तरी उत्तर मिळालं.

“वनविभागाला कळवावं लागेल. मी कळवण्याआधी तुम्ही आपणहून सांगा, मी बरोबर येते. कारवाई होईल की नाही ते त्यांच्या हातात. पण घरी परत नाही जाणार तो.”

“नको,” दत्तप्रसाद म्हणाले. “माझ्याकडे नकोच.”

जायच्या आधी ते टाकीसमोर उभे राहिले. काका एका नव्या फांदीला धरून होते, भराभरा श्वास घेत. त्यांनी काचेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बरोबर आहे, असं दत्तप्रसादांना वाटलं.

वनविभागात त्यांनी सगळं सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्याने लिहून घेता घेता दोनदा हात थांबवून विचारलं, लिंबू का पिळलं? कायद्याच्या दृष्टीने त्या लिंबाचा काही संबंध नव्हता. अधिकाऱ्याला नुसतीच उत्सुकता होती. दत्तप्रसाद दोन्ही वेळा म्हणाले, “अक्कल कमी म्हणून.” पुढे काय ते कळवू, असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

कळशी माळ्यावर गेली. कुंड्या गच्चीतून खाली आल्या, त्या दत्तप्रसादांनी एकेक करून स्वतः उतरवल्या. तुळस वाळली होती, मोगरा तगला होता. टाकी रिकामी करून पुसून ठेवली, पण ती हलवायचं दोघांच्याही जिवावर आलं.

मग एके सकाळी डॉक्टरांचा निरोप आला. काकांनी कोळंबी खाल्ली. आता दोन दिवस रोज खात आहेत, ताकद आली की किनाऱ्यावरच्या एका संस्थेत पाठवतील, तिथे त्यांच्या जातीची आणखी मंडळी आहेत. दत्तप्रसादांनी निरोप मोठ्याने वाचून दाखवला. शर्मिलाने हात जोडले, नेमके कुणाला ते कळलं नाही.

दत्तप्रसाद स्वयंपाकघरात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः चहा टाकला. आलं किसलं, तेही बोटासकट. दोन कप भरले आणि एक शर्मिलाच्या हातात दिला. सवयीने ती तो घेऊन रिकाम्या टाकीपाशी वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. दत्तप्रसाद दारात उभे राहून बघत होते. श्वास रोखून, अगदी त्या टबापाशी उभे होते तसे.

तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कप हातात धरून ती टाकीकडे बघू लागली.

चहा कसा प्यावा याबद्दलचं एक वाक्य दत्तप्रसादांच्या जिभेवर आलंच होतं. ते त्यांनी परत पाठवलं. “काय चुकलं?” त्यांनी विचारलं.

“साखर,” शर्मिला म्हणाली. “मी बिनसाखरेचा घेते. कितीतरी वर्षं झाली.”

“का?” दत्तप्रसादांच्या तोंडून निघालं. मग ते आत आले, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, आणि चहा बाजूला ठेवून आधी तिला बोलू दिलं.